मुंगूस आणि चारची एसटी

तेरड्याचे भारे बाजारात आले की माझं डोकं फिरतं. मुलुंडच्या बाजारात भाद्रपद लागायच्या आधीच बायका पोती अंथरून बसतात. तेरडा, आघाडा, दुर्वा, हळदीची पानं. लोक हौसेने वाकून जुड्या निवडतात, आणि मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने निघून जाते. तेरड्याला खरं तर वास नसतो, मला मात्र येतो. ओल्या भुशाचा, वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा आणि त्याखाली कुजलेल्या मांसाचा.

परवा भाचीचा फोन आला. केतकी, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. बोरिवलीच्या जंगलाच्या कडेने ती वटवाघळं, उंदीर, माकडं यांच्या रक्ताचे नमुने घेते. रानातल्या जनावरांमध्ये कोणते विषाणू आहेत आणि त्यातले कोणते उद्या माणसात येऊ शकतील, यावर नजर ठेवायचं तिचं काम. महामारी येऊन गेल्यापासून या कामाला मान आलाय. पेपरात तिचा फोटो येतो, पांढऱ्या पोशाखात, डोळे तेवढे दिसतात. आम्ही सगळे तो फोटो एकमेकांना पाठवतो.

"आत्या, या वर्षी तरी गावाला चल ना," ती म्हणाली. "मी उद्या दुपारच्या गाडीने निघतेय. बाबा सांगतात, चाळीसेक वर्षं तू गणपतीला गावी आली नाहीस. देवाशी भांडण आहे का तुझं?"

"देवाशी नाही," मी म्हटलं.

मग कोणाशी, असं तिने विचारलं. सांगते नंतर, म्हणून मी फोन ठेवला. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि ते मी तोवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. चिडून बसायचं आणि का चिडलो ते सांगायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे.

केतकीचं हे काम मी तिच्या जन्माच्या आधी केलंय. पांढरा पोशाख नव्हता, फोटो तर नव्हताच. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वडील घरी बसले होते आणि घाटकोपरच्या चाळीत आमच्या खोलीत दिवसभर कोणी मोठ्याने बोलत नसे. मी प्रयोगशाळेतल्या कामाचा कोर्स करून ठेवला होता, त्याच्या जोरावर नोकरी लागली. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, दोन खोल्यांचं केंद्र. दारावर लांबलचक नाव होतं, ते कोणी पूर्ण वाचत नसे. आरे कॉलनीतल्या आणि तिच्या मागच्या रानातल्या जनावरांना कोणते आजार आहेत ते तपासायचं, हे आमचं काम. उंदीर, घुशी, वटवाघळं, मुंगसं, कोल्हे, मेलेलं माकड सापडलं तर तेही. मी पंचवीस वर्षांची होते आणि मला हे काम भयंकर आवडायचं, हे आधी सांगून टाकते.

पावसाळ्यातलं आरे मला अजून जसंच्या तसं दिसतं. तबेल्यांच्या रांगा, म्हशींच्या पाठीवरून निथळणारं पाणी, शेण आणि ओलं गवत यांचा एकत्र उबट वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गुरांसाठी लावलेला हिरवा चारा कमरेएवढा वाढलेला. त्यातून पाड्यावरची बाई डोक्यावर भारा घेऊन निघाली की फक्त भारा चालत येताना दिसायचा. संध्याकाळ व्हायला आली की आम्ही उंबराखाली जाळी बांधायचो. अजून उजेड असायचा. वटवाघळं यायची, जाळीत अडकायची, आणि मी जाड हातमोज्यात एकेकाला सोडवून घ्यायची. पंख उघडून धरला की आत बारीक शीर दिसते, तिथून थेंबभर रक्त घ्यायचं. छातीवर बोट ठेवलं की त्याचं काळीज इतक्या जोरात धावत असायचं की मला त्याची माफी मागावीशी वाटे. रक्त घेऊन झालं की सोडून द्यायचो. ते उडून पुन्हा त्याच उंबरावर जाऊन बसायचं. मला कधी त्या प्राण्यांची भीती वाटली नाही, राग तर कधीच आला नाही. माझा सगळा राग माणसांसाठी शिल्लक राहिलाय.

केंद्रात एक फ्रिज होता. तो श्रावणात बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज गेला, त्या अर्जाचं स्मरणपत्र गेलं, स्मरणपत्राची प्रत मी स्वतः फाइलला लावली. तोवर नमुने थंड ठेवायचे कसे? तर आम्ही आमचा मार्ग काढला होता. जस्ताचा पत्रा मारलेली लाकडी पेटी, आत लाकडाचा भुसा आणि त्यात बर्फ. बर्फ यायचा अंधेरीच्या मासळी बाजारातून. तिथे काशीबाई नावाची एक कोळीण होती, वेसाव्याची. ती आपल्या टोपलीसाठी आणलेल्या लादीतला एक तुकडा रोज सकाळी आमच्यासाठी फोडून ठेवायची. शिपाई गोणपाटात गुंडाळून तो घेऊन यायचा. कधी मी जायची, तेव्हा काशीबाई हसून विचारायची, "काय गो, आज काय भरलंस पेटीन? घूस का वागूल?" आजूबाजूच्या बायका शी शी करायच्या. आमच्या केंद्रातल्या प्रत्येक बाटलीला बोंबलाचा वास असायचा. सरकारी कागदावर त्याचं नाव 'शीत साठवण' होतं.

साहेब एकच. ते खेडकडचे. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. कोणाला लागेल असं बोलत नसत, माझ्या वडिलांची चौकशी करत. फक्त एक होतं. जनावराचं डोकं उघडून मेंदूचा तुकडा काढायचा, काचेवर घासायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हा अधिकार साहेबांचा. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात साहेब खिडकीशी पेपर वाचत बसत आणि सगळं मी करी. शेवटी ते उठून एकदा डोळा लावत, "हं" म्हणत आणि सही करत. त्यांच्या सहीशिवाय ते डोकं उघडलंच गेलं नाही असं धरलं जाई.

श्रावणातच एकदा आम्ही पाड्यावर सभा घेतली होती. मोठ्या आंब्याखाली वीस-पंचवीस माणसं बसली होती, बहुतेक वारली आदिवासी. साहेबांनी समजावलं की एखादं जनावर वेड्यासारखं वागत असेल, माणसाला न भिता अंगावर येत असेल, तर त्याला रेबीज असू शकतो. फक्त कुत्र्यालाच होतो असं नाही. कोल्ह्याला होतो, मुंगसालाही होतो. असं जनावर दिसलं तर आम्हाला कळवा. मी पुढे सांगितलं की मारावंच लागलं तर डोकं फोडू नका, कारण तपासायचं असतं ते डोक्यातच. आणि नुसत्या हाताने उचलू नका.

तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई बोलली. साठीच्या आसपासची, सुकलेली, दातांना मिश्री. लखमीबाई तिचं नाव. ती चारा कापायला जायची आणि पावसाळ्यात रानभाज्या विकायला मरोळला बसायची, म्हणून मी तिला तोंडओळखीने ओळखत होते.

"तुमी जनावराचा रगत नेता, डोकां नेता," ती म्हणाली. "त्यात काय निंगाला ता आमाला कोन सांगतो?"

माणसं हसली. साहेबही हसले. "कळवू की," ते म्हणाले.

मी तेव्हा वहीत हजेरी लिहीत होते. दोन वर्षांत आम्ही त्या पाड्याच्या आसपासची शेकडो जनावरं धरून नेली असतील. एकदाही कोणाला काही कळवलं नव्हतं. कळवायचं कसं याचा फॉर्मच नव्हता.

गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत आमचं केंद्र ओस पडलं होतं. हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. साहेब खेडला दोन दिवस आधीच गेले होते. शिपाई देवरुखचा, तो सकाळी हजेरी लावून पळाला. हेडक्लार्क राजापूरचे, त्यांनी रजा आषाढातच मंजूर करून ठेवली होती. उरले मी आणि जौनपूरचा रखवालदार. माझी एसटी कुर्ल्याहून चारला होती. आई-वडील आणि भाऊ आधीच पुढे गेले होते. ते निघाले तेव्हा मी आईला म्हटलं होतं की केंद्रात कोणीच नाही, मी राहू का? आई मालवणीत कडाडली, "गणपती वर्साचे एकदा येतत. तुझी पेटी काय पळान जातली?"

मी टेबलं आवरत होते. बारा-साडेबाराचा सुमार. लखमीबाई दारात उभी राहिली. डोक्यावर इरलं, एका हाताला फडकं बांधलेलं, दुसऱ्या हातात सागाच्या पानांत गुंडाळून वेलीने बांधलेलं एक गाठोडं.

"तुमाला पायजे व्हता ना," ती म्हणाली. "आनलाय."

चारा कापताना मुंगूस समोरून आलं होतं. पळालं नाही. तिच्याकडे बघत उभं राहिलं आणि मग सरळ अंगावर आलं. अंगठ्याच्या मुळाशी चावून लटकलं. तिने हात झटकला, ते पुन्हा आलं. मग तिने काठी त्याच्या पाठीवर घातली. डोक्यावर नाही. "तू बोललीस ना बाय, डोकां फोडू नको. मी नाय फोडला." पानात गुंडाळून आणलं, कारण नुसत्या हाताने उचलू नका असंही मीच म्हटलं होतं. आरेतून मरोळची बस पकडून, ते गाठोडं मांडीवर घेऊन, चावलेल्या हाताने तिकीट काढून ती आली होती.

आजवर मी कितीतरी शिकलेल्या लोकांना सूचना दिल्यात. इतक्या चोख कोणीही पाळल्या नाहीत.

मी तिचा हात नळाखाली धरला. कार्बोलिक साबणाने धुतला, पुन्हा धुतला, घड्याळात बघून धुतला. दोन खोल खुणा होत्या. मी चिठ्ठी लिहून तिला जवळच्या दवाखान्यात पाठवलं. तासाभरात ती परत. तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं की कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं, पण मुंगसाचं काही सांगता येत नाही. तुमच्याच लॅबने रिपोर्ट दिला की बघू. चिठ्ठीच्या मागे त्याने तसं लिहूनही दिलं होतं. आम्हाला, केंद्रातल्या लोकांना, नोकरीला लागतानाच त्या सुया टोचल्या होत्या. माझ्या पोटावर तेव्हा लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या आणि मी आईजवळ रडले होते. लखमीबाईला त्या मिळण्यासाठी आता एका मुंगसाची साक्ष हवी होती.

"त्याचा डोकां बगशील ना?" तिने विचारलं.

"बघते," मी म्हटलं.

घड्याळात दोन वाजत आले होते. आता मी काय करू शकले असते, ते सांगते. डोकं उघडायला मला अर्धा तास लागायचा. घासून, रंग देऊन, बघायला आणखी तास. सगळं सामान समोर होतं. अर्धा मेंदू ग्लिसरीनमध्ये टाकला असता तरी तो बर्फाशिवाय टिकला असता. ग्लिसरीनची बाटली खिडकीत होती, मला आजही तिचं निळं बूच दिसतं. पण साहेब नव्हते. सही कोण करणार? सहीशिवाय उघडलं तर माझ्याकडे खुलासा मागतील, आणि घरात कमावणारी मी एकटी होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि चाळीस वर्षं मी ती स्वतःला सांगत आले. त्यांच्या खाली जे कारण होतं ते एवढंच की चारची एसटी होती.

मी डोकं वेगळं करून डब्यात घातलं, डबा पेटीत ठेवला, वर सकाळचा बर्फ आणि भुसा सारला. रजिस्टरला नोंद केली. रखवालदाराला बजावलं की रोज सकाळी बाजारातून काशीबाईकडून बर्फ आणून पेटीत घालायचा, चुकायचं नाही. "जी, बहेनजी," तो म्हणाला. लखमीबाईला सांगितलं की आठवड्याने ये. मग छत्री घेतली आणि कुर्ल्याच्या बसमागे धावले.

गावाला आमचा गणपती माटवीच्या लाकडी चौकटीखाली बसला होता. माटवीला कवंडळं, कांगल्या, शेरवडं अशी रानातली फळंफुलं लटकत होती. मी मोदक वळले, फुगड्या घातल्या, रात्रीची भजनं ऐकली. पाच दिवसांत मला ती पेटी एकदाही आठवली नाही. खोटं कशाला सांगू? तेव्हा आठवली असती तर आज रागाला थोडी तरी जागा कमी लागली असती.

परत आले त्या सकाळी दार उघडण्याआधीच वास आला.

रखवालदार ओशाळून उभा होता. तो रोज बाजारात गेला होता. पण श्रावण न पाळणारेही गणपतीत मासे कुठे खातात? आमच्या चाळीत नाही, अंधेरीच्या चाळींतही नाही. बाजार सुनसान, काशीबाई आपल्या घरच्या गणपतीत, बर्फाची गाडीच येत नव्हती. "बरफ नहीं मिला, बहेनजी. रोज गया मैं." तो उत्तरेकडचा, त्याला काय माहीत की या दिवसांत मुंबईचा निम्मा बाजार थंड पडतो? मला माहीत होतं. मी जन्मापासून गणपतीत मासे खाल्ले नव्हते, आणि रोज माशांच्या बर्फावर नमुने ठेवत होते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. साहेबांच्या नाहीत, शिपायाच्याही नाहीत. कारण आम्ही सगळे एकाच मातीतले होतो, आणि सगळेच गावाला गेलो होतो.

डब्यात डोकं नव्हतंच म्हणायचं. काचेवर घासायला काही उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी साहेब आले. कपाळाला अष्टगंध, माझ्यासाठी खिरापतीची पुडी. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "फॉर्म आण."

फॉर्मवर दोन चौकोन होते. आढळला, आढळला नाही. खाली शेऱ्याचा रकाना. मी म्हटलं, "साहेब, शेऱ्यात लिहू या ना, नमुना खराब झाला."

"शेरा लिहिला की खुलासा मागतात," साहेब म्हणाले. "पेटी का, फ्रिज का नाही, रजेवर सगळे एकदम कसे. कोण देणार खुलासा? तू?"

मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

"तुला त्यात काही दिसलं का?"

"दिसणार कसं?"

"म्हणजे नाही ना दिसलं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण करून त्यांनी सही केली. शेऱ्यात एक आडवी रेघ मारली. ते सरळ रेघ मारत, पट्टी न घेता.

त्याच आठवड्यात लखमीबाई आली. जखम भरली होती. पदरात करटोली बांधून आणली होती माझ्यासाठी. मी सूक्ष्मदर्शक पुसत होते आणि तो पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"काय निंगाला, बाय?"

इथे मी थांबते. दर वर्षी इथेच थांबते. साहेबांनी मला हे बोलायला सांगितलं नव्हतं. ते खोलीत नव्हतेही. खोलीत ती होती आणि मी होते. पेटी धुऊन उन्हात ठेवली होती, तिचा वास अजून येत होता, आणि मला त्या वासाची, त्या पेटीची, माझ्या पाच दिवसांच्या मोदकांची लाज वाटत होती. एवढ्या चोख वागलेल्या बाईला, तुझं मुंगूस आम्ही कुजवलं, हे सांगायची लाज.

"काही नाही निघालं, मावशी," मी म्हटलं.

तिचा चेहरा सैल झाला. "मंग बरां झाला. पोटात सुया घेऊन चारा कोन कापतो?" करटोली टेबलावर ओतून ती गेली. ती मी घरी नेली आणि आईने त्यांची भाजी केली.

दसरा झाला. चारा पिवळा पडायला लागला, आरेच्या रस्त्यांवर धूळ आली, दुपारी ऊन भाजायला लागलं. दिवाळीच्या चार दिवस आधी लखमीबाईची सून केंद्राच्या दारात आली. तिला मी याआधी पाहिलेलं नव्हतं. "सासू पानी पीत नाय," ती म्हणाली. "पान्याचा तांब्या बगला का अंग टाकते. भगत झाला, काय नाय झाला. ती बोलते, त्या बायला बलव."

मी तिच्याबरोबर गेले. झोपडीत दुपारचा उजेड होता, कुडाच्या फटींतून आत आलेला. लखमीबाई भिंतीला टेकून बसली होती. दाराशी वाऱ्याची झुळूक आली तरी तिच्या गळ्याला झटका बसत होता. दोन झटक्यांच्या मधे ती अगदी शुद्धीवर होती, आणि हेच या आजाराचं सगळ्यात क्रूर असतं. तिने मला ओळखलं.

"बाय," ती म्हणाली. "तू तर बोललीस काय नाय निंगाला."

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी इतका राग साठवलाय, त्यातला निम्मा तिच्या वाट्याचा आहे, कारण तिने तो केलाच नाही.

तिला दवाखान्यात नेलं. तिथे कोणालाच काही करता येत नव्हतं, तेव्हाही नाही आणि आजही जवळजवळ नाहीच. तिसऱ्या दिवशी ती गेली. नोंद करणाऱ्याने कुठलं जनावर असं विचारलं. मी मुंगूस म्हटलं. तो म्हणाला, मुंगसाचा रिपोर्ट आहे का? रिपोर्ट होता, आणि त्यात आढळला नाही असं होतं. मग त्याने लिहिलं, 'अज्ञात कुत्रा'. मी तिथे उभी असताना लिहिलं. जे कुत्रं जगात कधी नव्हतं त्याला नोंद मिळाली, आणि जे मुंगूस ती पानात गुंडाळून घेऊन आली होती ते कुठेच उरलं नाही.

वर्षाच्या शेवटी आमच्या केंद्राचा अहवाल गेला. तो मीच टाइप केला. उपनगरातील रानात वन्य प्राण्यांमध्ये रेबीज आढळला नाही. पुढे दोन पावसाळे काम चाललं आणि मग, काही आढळत नाही म्हणून, ते बंद झालं. फ्रिज शेवटपर्यंत दुरुस्त झाला नाही. मी दुसऱ्या खात्यात गेले आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक गणपतीत कामावर राहिले. लोकांना वाटायचं, काय कर्तव्यदक्ष बाई आहे. शेऱ्याचा रकाना मी कधी रिकामा सोडला नाही. त्यापायी खुलासे मागवले गेले आणि मी ते दिले. खुलासा द्यायला पंधरा ओळी लागतात. साहेब आणि मी ज्याला एवढं घाबरलो, ते पंधरा ओळींचं काम होतं.

महामारीच्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक गृहस्थ तावातावाने म्हणाले की या जनावरांच्या रोगांवर कोणी लक्ष ठेवत नाही का? कंपाउंडमधला उंबर तोडून टाका, वटवाघळं येतात. मी उठून म्हटलं की उंबराला हात लावाल तर याद राखा. लक्ष ठेवायला माणसं होती, त्यांनी लक्ष ठेवलंही. बघून झाल्यावर तोंड उघडायची वेळ आली तेव्हा ती गावाला गेली होती. कोणाला काही कळलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, काकूंना पाणी द्या.

परवा फोन ठेवला आणि हे सगळं पुन्हा वर आलं. पाच मिनिटांनी मीच केतकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. झाल्यावर हळूच म्हणाली, "आत्या, आता तसं नाही होत गं. आमच्याकडे डीप फ्रीझर आहे, जनरेटर आहे, लाइट गेली तर मोबाइलवर अलार्म वाजतो."

"ते ठीक आहे," मी म्हटलं. "पाड्यावरची माणसं विचारत असतील ना, काय निघालं म्हणून?"

मग म्हणाली, "एक बाई आहे. तिच्या घरामागे वटवाघळं मेलेली सापडली होती, तिनेच आम्हाला बोलावलं. ती दर वेळी विचारते."

"काय सांगतेस तिला?"

"रिझल्ट यायचेत अजून. सगळं ठीक आहे म्हणते, उगाच घाबरायला नको म्हणून."

मी माझ्या लाडक्या भाचीवर इतक्या जोरात ओरडले की शेजारचं दार उघडलं. म्हटलं, ठीक आहे हे तुला कोणी सांगितलं? बघितलंस तू? मग जा आणि तिला सांग की आम्हाला माहीत नाही. तोवर मेलेल्या वटवाघळाला हात लावू नको, पडलेलं फळ खाऊ नको, हेही सांग. तिच्या तोंडावर सांग, फोनवर नाही. उद्याच्या उद्या.

"उद्या माझी गाडी आहे, आत्या."

"मला माहीत आहे गाडी आहे ते," मी म्हटलं.

काल दुपारी चारच्या सुमारास तिचा फोन आला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता आणि कोणीतरी बाई मोठमोठ्याने बोलत होती. केतकी म्हणाली, "सांगितलं. ती चिडली माझ्यावर. म्हणाली, माहीत नव्हतं तर एवढे दिवस ठीक आहे, ठीक आहे काय करत होतीस? माझी पोरं त्याच झाडाखाली खेळतात."

"बरं झालं," मी म्हटलं. "गाडी?"

"गेली."

फोन ठेवून मी खिडकीशी बसले. चिडली, म्हणाली. लखमीमावशीलाही चिडता आलं असतं. माझ्या टेबलासमोर उभी राहून ती मला नको नको ते बोलली असती, करटोली परत पदरात बांधून त्याच दवाखान्यात गेली असती आणि डॉक्टरशी भांडून चौदाच्या चौदा सुया घेऊन आली असती. ती तशीच बाई होती. त्यासाठी मी तिला एवढंच म्हणायला हवं होतं, की आम्हाला माहीत नाही, मावशी.